दूरचा संगणक दार उघडत नाही तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



परगावी जाताना घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. गरज पडलीच तर शेजारच्या काकू दार उघडतात, गॅस बंद आहे ना ते पाहतात, कुंड्यांना पाणी घालतात. संगणकाच्या बाबतीत असेच काहीसे काम 'रिमोट डेस्कटॉप' नावाची सोय करते. पुण्यातल्या घरी बसून साताऱ्याच्या दुकानातला संगणक उघडायचा, त्यावरचे हिशेब पाहायचे, एखादे बिल तयार करायचे आणि काम झाले की बाहेर पडायचे. कर सल्लागार, औषधांचे घाऊक व्यापारी, कारखान्यातले भांडारपाल, संस्थांचे लेखनिक असे कितीतरी लोक ही सोय रोज वापरतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर ती अनेकांच्या पोटापाण्याचा भाग झाली.

ही सोय वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. मग एक दिवस संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे त्याचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, बदलली जाते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्याच्या आधी आणि नंतरही असंख्य संगणकांवर विंडोज ११ चढवले गेले. रात्री अपग्रेड झाले, सकाळी घरून जोडणी करायला जावे तर पडद्यावर नकार. काल संध्याकाळपर्यंत चालत होते, आज का नाही? हा नकार कसा वाचायचा, शोध कोणत्या क्रमाने घ्यायचा आणि घाईघाईत काय मुळीच करायचे नाही, याविषयी आज आपण बोलणार आहोत.

आधी ही सोय चालते कशी ते पाहू. तुमच्या पडद्यावर दिसते ते तिथल्या पडद्याचे चित्र. तुम्ही दाबलेली अक्षरे आणि माऊसच्या हालचाली तिकडे जातात, काम तिकडच्या संगणकावर होते आणि बदललेले चित्र परत येते. १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत ही पद्धत आली. २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमुळे ती लहान कार्यालयांतही पोचली. संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी हजारो क्रमांकित दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्यांतले ३३८९ क्रमांकाचे दार या कामासाठी ठरलेले आहे.

म्हणजे तुम्ही घरून निघता तेव्हा वाटेत पाच टप्पे लागतात. पलीकडचा संगणक जागा हवा. त्याचा पत्ता बरोबर हवा. ते दार उघडे हवे. दारावर तुमची ओळख पटायला हवी. आणि आत गेल्यावर चित्र नीट यायला हवे. बिघाड या पाचांपैकी कुठेतरी असतो. याच क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा अर्ध्या तासात कारण सापडते. क्रम सोडून दिसेल ते बटण दाबत सुटलात, तर एका बिघाडाचे तीन होतात.

पहिला टप्पा, संगणक जागा आहे का? प्रश्न बाळबोध वाटेल, पण सुरुवात इथूनच करावी. अपग्रेडनंतर वीज वाचवण्याच्या सेटिंग्ज बदललेल्या असू शकतात. ठरावीक वेळ कुणी हात लावला नाही की संगणक झोपी जातो, आणि झोपलेला संगणक हाकेला ओ देत नाही. कधी अपग्रेड अर्धवट थांबलेले असते आणि तो कुणीतरी बटण दाबण्याची वाट पाहत असतो. ज्या संगणकाची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे, तो सुरू होतानाच ४८ अंकी रिकव्हरी की मागत निळ्या पडद्यावर उभा राहू शकतो. अशा वेळी तुम्ही घरून कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. तिथे असलेल्या माणसाला फोन करावा लागतो.

या फोनचेही एक तंत्र आहे. समजा दुकानात वडील आहेत. "बाबा, संगणक चालू आहे का?" असे विचारले तर उत्तर येईल, "हो, दिवा लागलाय." त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा म्हणावे, "बाबा, पडद्यावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा. इंग्रजी असलं तरी एकेक अक्षर सांगा, मला घाई नाही." किंवा पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगावे. बिघाडाचे निम्मे निदान त्या मजकुरातच असते. आणि "काही दाबू नका, आधी वाचा" हे वाक्य शांतपणे दोनदा सांगावे.

दुसरा टप्पा पत्त्याचा. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकाला राउटर एक क्रमांक देतो, आणि तो कायमचा असतोच असे नाही. अपग्रेडच्या वेळी संगणक अनेकदा बंद-चालू होतो, नव्याने क्रमांक घेतो, आणि तुमच्याकडे मात्र जुनाच लिहिलेला राहतो. यावर कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक क्रमांक राखून ठेवणे. शिवाय नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर बदलला की विंडोजला कधी कधी जुनेच जाळे नवे वाटते. अनोळखी जाळ्याला ती 'सार्वजनिक' समजते, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखे. मग संगणक अंग चोरून बसतो आणि शेजारच्या संगणकांना नावाने सापडेनासा होतो. कार्यालयाचे जाळे विश्वासाचे असेल तर ते 'खासगी' असल्याची नोंद करावी लागते.

बाहेरून येणारे बरेच जण आधी व्हीपीएन जोडतात. म्हणजे घरापासून कार्यालयापर्यंतचा एक खासगी बोगदा. हे सॉफ्टवेअर जुने असेल तर नव्या प्रणालीत ते उघडते, पण बोगदा जोडत नाही. तुमचा घरचा संगणक अपग्रेड झाला असेल तर ही शंका प्रथम घ्यावी. बोगदाच नाही तर पुढचे सगळे व्यर्थ. तपासायची सोपी युक्ती अशी की, व्हीपीएन जोडून कार्यालयातले दुसरे काही उघडते का ते पाहावे. दुसरेही उघडत नसेल तर दोष त्या एका संगणकाचा नाही.

तिसरा टप्पा दाराचा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' या भागात रिमोट डेस्कटॉपचा खटका असतो. आहे त्या प्रणालीवरच अपग्रेड केले तर तो बहुधा पूर्वीसारखा चालू राहतो. पण तंत्रज्ञाने डिस्क पुसून विंडोज नव्याने घातली असेल, तर तो बंद असतो. इथेच आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे विंडोजची आवृत्ती. होम आवृत्तीच्या संगणकावरून दुसरीकडे जोडणी करता येते, पण होम आवृत्तीच्या संगणकात या मार्गाने शिरता येत नाही. त्यासाठी प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. जुना संगणक काढून नवा घेतला, त्यात होम आवृत्ती आली, आणि मग कुणी दिवसभर फायरवॉल तपासत बसले, असे होते. आवृत्ती पाहायला अर्धा मिनिट लागतो.

दार उघडे आहे की नाही हे बाहेरून तपासता येते. पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' नावाची आज्ञा आहे. तिला संगणकाचा पत्ता आणि ३३८९ हा पोर्ट क्रमांक दिला की दाराशी पोचता आले की नाही, याचे हो किंवा नाही असे उत्तर मिळते. उत्तर 'नाही' आले तर शोध पहिल्या तीन टप्प्यांत. 'हो' आले तर पुढच्या दोनांत. एवढ्या एका प्रश्नाने काम निम्मे होते. म्हणूनच जोडणी करताना "नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे" असे उत्तर आले, तर वैतागू नका. रस्ता ठीक आहे, दार उघडे आहे आणि आत कुणीतरी तुमच्याशी बोलत आहे, असा त्याचा अर्थ.

चौथा टप्पा ओळखीचा, आणि अपग्रेडनंतर माणसे अडतात ती इथे. कारण असे की रोज आपण चार अंकी पिन टाकून किंवा चेहरा दाखवून संगणक उघडतो. काही महिन्यांत मूळ पासवर्ड विस्मरणात जातो. पिन ही त्या एका यंत्रापुरती असते, दूरवरून तीच पिन टाकून आत जाता येत नाही. दुरून खात्याचा पासवर्डच लागतो. काही वेळा पासवर्ड बरोबर असूनही नकार येतो. नव्याने घातलेल्या प्रणालीत मायक्रोसॉफ्टचे खाते पिनवरच सुरू झालेले असते, तो पासवर्ड त्या संगणकाने कधी पाहिलेलाच नसतो. अशा वेळी तिथल्या माणसाने एकदा पिनऐवजी पासवर्ड टाकून संगणक उघडावा, म्हणजे पुढे दुरूनही तो चालतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज दुरून आत घेत नाही, आणि तेच योग्य आहे. विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून मोठ्या संस्थांसाठीच्या प्रकारात एक जादा सुरक्षा आपोआप चालू होते. त्यामुळे जपून ठेवलेला पासवर्ड कधी कधी वापरला जात नाही, दर वेळी हाताने टाकावा लागतो. हा बिघाड नव्हे.

पाचवा टप्पा चित्राचा. जोडणी होते, पण पडदा काळा राहतो किंवा मधेच गोठतो. कधी पलीकडच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जुना असतो. आणि कधी दोष खुद्द प्रणालीचाच असतो. २०२५ च्या सुरुवातीला असे झाले होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवरून विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्याआधीच्या सर्व्हरला जोडणी केली की ती ६५ सेकंदांनी तुटायची. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य केला आणि मार्च २०२५ च्या अखेरीस आलेल्या अपडेटमध्ये तो दुरुस्त केला. मधल्या काळात राउटर बदलून किंवा विंडोज पुन्हा घालून तो जाण्यासारखा नव्हता. म्हणून बिघाड अगदी नेमक्या पद्धतीने पुन्हा पुन्हा होत असेल, तर कंपनीच्या ज्ञात दोषांच्या यादीत एकदा डोकावावे.

श्रोतेहो, आता या विषयातल्या सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. त्यासाठी २०१८ ची एक घटना सांगायला हवी.

रिमोट डेस्कटॉप जोडताना तुमची ओळख पलीकडे पोचवणारा एक भाग असतो, त्याला क्रेडएसएसपी म्हणतात. त्या भागात एक गंभीर त्रुटी सापडली. वाटेत दबा धरून बसलेल्या माणसाला तिचा फायदा घेऊन पलीकडच्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवता आली असती. मार्च २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, पण सक्ती केली नाही. ८ मे २०१८ च्या अपडेटने मात्र नियम कडक झाला. दुरुस्त झालेला संगणक आता दुरुस्त न झालेल्या सर्व्हरशी जोडणी करायलाच नकार देऊ लागला.

दुसऱ्या दिवशी जगभरच्या कार्यालयांत एकच गोंधळ उडाला. लोकांचे संगणक आपोआप अपडेट झाले होते, सर्व्हर तसेच राहिले होते. उपाय सरळ होता. सर्व्हर अपडेट करा. पण तो दूर कुठेतरी, आणि त्याच्यापर्यंत जायचा रोजचा रस्ता म्हणजे हाच रिमोट डेस्कटॉप! दारापलीकडे किल्ली आणि दार बंद. मग अनेकांनी सोपी वाट धरली. कुणी नवे अपडेट काढून टाकले, कुणी सेटिंग बदलून आपल्या संगणकाला जुन्या, असुरक्षित पद्धतीने जोडणी करायला लावले. तेवढ्यापुरते असे करून आत शिरायचे, सर्व्हर दुरुस्त करायचा आणि सेटिंग लगेच पूर्ववत करायचे, इथवर ते समजण्यासारखे होते. पण काम सुरू झाले की पूर्ववत करायचे राहून जाते, हा आपल्या सगळ्यांचाच स्वभाव.

यानंतर वर्षभरातच, मे २०१९ मध्ये, रिमोट डेस्कटॉपमधली आणखी एक त्रुटी जाहीर झाली. तिचे नाव ब्लूकीप. विंडोज ७ आणि तिच्याआधीच्या अनेक प्रणालींमध्ये ती होती. तिच्यासाठी तर पासवर्डही लागत नव्हता. धोका एवढा मोठा मानला गेला की, पाठबळ केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. त्या काळात एक गोष्ट आधार देणारी ठरली. जोडणी पूर्ण होण्याआधीच ओळख तपासण्याची एक सोय असते, तिला नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन म्हणतात. ती चालू होती त्यांच्याकडे निदान अनोळखी माणसाला दारातच अडवले जात होते. आणि जोडणी अडली की "ती खूण काढून टाका, लगेच चालेल" असा सल्ला सर्रास दिला जातो, तो नेमका याच सोयीबद्दल!

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. अपग्रेडनंतर जोडणी अडते तेव्हा बऱ्याचदा काही मोडलेले नसते. दाराला नवे कुलूप बसलेले असते आणि आपल्या हातात जुनी किल्ली असते. अशा वेळी नवी किल्ली मिळवायची. दारच काढून ठेवायचे नाही. फायरवॉल बंद करणे, ओळखीची तपासणी काढून टाकणे, राउटरमधून ३३८९ क्रमांकाचे दार थेट इंटरनेटला मोकळे करणे, या तिन्ही गोष्टींनी जोडणी कदाचित सुरू होईलही. पण उघड्या पडलेल्या ३३८९ च्या शोधात चोरांची सॉफ्टवेअर अहोरात्र फिरत असतात. पासवर्ड सापडला की ते आत शिरतात, सगळ्या फाइली कुलूपबंद करतात आणि खंडणी मागतात. दहा वर्षांचे हिशेब एका रात्रीत जाऊ शकतात. दाराचा क्रमांक बदलून ठेवल्याने चोर फार तर थोडा उशिरा येतो. बाहेरून यायचे असेल तर व्हीपीएनमधूनच यावे.

दुसरा एक धोका घरगुती वापर करणाऱ्यांना जास्त आहे. जोडणी होत नाही म्हणून वैतागलेला माणूस इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधतो. पलीकडचा आवाज गोड असतो. "सर, एक छोटं अ‍ॅप टाका आणि त्यावर दिसणारा नंबर मला सांगा, मी इथून करून देतो." तो नंबर सांगितला की तुमच्या संगणकाचा किंवा फोनचा ताबा त्याच्याकडे गेला. अशा अ‍ॅपच्या आडून बँक खाती रिकामी केली जात असल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. ओळखीच्या तंत्रज्ञाखेरीज कुणालाही असा ताबा देऊ नये. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक.

शेवटी, अपग्रेडच्या आधी काय करावे? एक साधा कागद घ्यावा. त्यावर संगणकाचे नाव, त्याचा राउटरमधला क्रमांक, विंडोजची आवृत्ती आणि ज्या खात्याने आत जाता त्याचे नाव लिहावे. बिटलॉकरची रिकव्हरी की कुठे ठेवली आहे तेही लिहावे. पासवर्ड त्याच कागदावर नको. पण तो आपल्याला आठवतो ना, हे त्या संगणकावर एकदा प्रत्यक्ष टाकून पाहावे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. व्हीपीएनचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीत चालते का, हे विक्रेत्याला आधी विचारावे.

दिवसही विचारपूर्वक निवडावा. जीएसटीचे विवरण २० तारखेला भरायचे आणि १९ तारखेच्या रात्री अपग्रेड, असे करू नये. तिथे कुणीतरी हजर असेल अशी वेळ धरावी. दुरून जोडलेले असताना त्याच संगणकाची फायरवॉल किंवा नेटवर्क सेटिंग्ज बदलू नयेत. बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारण्याचाच तो प्रकार. अपग्रेड झाल्यावर तिथला माणूस घरी जाण्याआधी बाहेरून एकदा जोडून पाहावे. आत जाता आले, की मगच त्याला म्हणावे, "झालं काम, आता कुलूप लावून निघा."

हा कागद दुकानात तिजोरीशेजारी, घरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. अपग्रेड पुन्हा होणारच आहेत. त्या दिवशी हा कागद हाताशी असला, तर एका फोनवर काम भागेल.